सहा जण, एक पेशंट: क्लिनिकल बॅचमध्ये सगळ्यांनी शिकावं यासाठी

सकाळच्या पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात पेशंटजवळ शिकायच्या पाळीला, एका पलंगाभोवती वीस विद्यार्थी उभे राहिले, तर पेशंट तीन-चार जणांना दिसतो. बाकीच्यांना पुढच्याची पाठ दिसते. 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसला लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात लहान गटांतल्या शिकण्यावर भर आहे तो याचसाठी. पण गट लहान केला की शिकणं आपोआप होतं, असं नाही. सहा जणांच्या गटातही दोघंच शिकतात आणि चौघं लॉगबुकावर सही घेतात, हे कुठल्याही कॉलेजात बघायला मिळेल.

असं का होतं, याचं कारण पहिल्याच आठवड्यात सापडतं. ज्याचं इंग्रजी सफाईदार, तो केस मांडतो. जिचं अक्षर चांगलं, ती लिहून घेते. ज्याला गावाकडची मराठी येते, तो पेशंटशी बोलतो. ज्याचा हात धीट, तो पोट तपासतो. हे कोणी ठरवत नाही आणि कोणाला अन्यायाचं वाटतही नाही, कारण काम झटपट उरकतं. पोस्टिंग संपेपर्यंत प्रत्येक जण आधीपासून जे येत होतं त्यात आणखी तरबेज होतो आणि जे येत नव्हतं ते तसंच राहतं. परीक्षेत मात्र लाँग केस, म्हणजे एका पेशंटची पूर्ण विचारपूस आणि तपासणी, एकट्यालाच घ्यावी लागते. म्हणून गट बांधताना एकच गोष्ट सांभाळायची: ज्याला जे येत नाही, ते काम ठरवून त्याच्याकडे गेलं पाहिजे.

गट किती जणांचा, कोणाचा

पाच किंवा सहा. चारपेक्षा कमी असले आणि एक जण गैरहजर राहिला, तर चर्चा उरत नाही. सातच्या पुढे गेलं की लपायला जागा मिळते. फ्रान्समधले शेतीतज्ज्ञ इंजिनिअर मॅक्स रिंगेलमान यांनी रस्सी ओढण्यावर केलेले प्रयोग 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढत असताना प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला होता. काही जोर ताळमेळ नसल्याने वाया जातो आणि काही ‘बाकीचे ओढताहेत की’ म्हणून लावलाच जात नाही. वॉर्डातही दोन्ही गोष्टी होतात. सहाव्याचा हात रस्सीवर आहे की नुसता टेकलाय, हे सरांना लांबून कळत नाही.

गट रोल नंबरप्रमाणे किंवा चिठ्ठ्या टाकून करा. दोस्तांचा गट हॉस्टेलवर उत्तम. वॉर्डात तो एकमेकांना सांभाळून घेतो आणि तिथेच फसतो. शक्यतो प्रत्येक गटात मराठी नीट बोलणारे निदान दोघं असू द्या. सरकारी कॉलेजांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे बॅचमध्ये मराठी न येणारे असणारच. मराठीवाला एकटाच असेल, तर चार आठवडे तो दुभाषा होऊन बसतो. प्रश्न दुसऱ्याचा, उत्तर पेशंटचं, हा मधला नळ. केसचा विचार करायला त्याला सवडच मिळत नाही.

एकदा केलेला गट पूर्ण पोस्टिंगभर मोडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुरबुरी होतात: कोणी उशिरा येतो, कोणी सगळं स्वतःच करतो. 1965 साली मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी गटाच्या प्रवासाचे टप्पे मांडले, त्यात भांडणाचा टप्पा गट जमण्याच्या आधी येतो. त्यामुळे या काळात तक्रार आली की लगेच माणसं अदलाबदल करणं ही शिक्षकांची नेहमीची चूक. नव्या गटात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते आणि पोस्टिंग संपून जातं.

कामांची फिरती पाळी

पहिल्या दिवशी वॉर्डात शिरण्याआधी, व्हरांड्यात उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत हे उरका. सहा कामं अशी:

1. विचारणारा: हिस्टरी, म्हणजे पेशंटची आजाराची हकिगत, एकटाच घेतो. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. राहिलेले प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत.
2. तपासणारा: पूर्ण तपासणी, पेशंटच्या उजव्या बाजूने.
3. दुसरा हात: फक्त महत्त्वाची खूण पुन्हा स्वतंत्रपणे बघतो.
4. लिहिणारा: पेशंटचे शब्द पेशंटच्याच भाषेत टिपतो, वेळही बघतो.
5. शंका काढणारा: बाकीच्यांचं एकमत झालं की अडवायचं, हेच त्याचं काम.
6. मांडणारा: सरांसमोर केस मांडतो. त्याने हिस्टरी घेतलेली नसते, त्यामुळे नीट ऐकल्याशिवाय त्याचा निभाव लागत नाही.

दर केसला प्रत्येक जण एक काम पुढे सरकतो. सहावा पहिल्यावर येतो. सहा केसमध्ये एक फेरी पूर्ण. चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये सुट्ट्या, ओपीडीचे दिवस आणि सेमिनार वगळून दोन फेऱ्या आरामात बसतात. पाळीचा कागद लिहिणाऱ्याच्या वहीत चिकटवा आणि फोटो ग्रुपवर टाका. ‘आपल्याला लक्षात राहील’ म्हटलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा अक्षर चांगलं असणारीच लिहीत बसलेली दिसेल. कोणी गैरहजर असेल, तर त्याचं काम शंका काढणाऱ्याकडे द्या, पण गैरहजराची पाळी झाली असं धरू नका. पुढच्या केसला ते काम त्यालाच.

मुलींकडे लिहिणं आणि मुलांकडे तपासणं जाणं ही वाटणी इतकी सवयीची आहे की कागदाशिवाय ती मोडत नाही. ॲनाटॉमीच्या डिसेक्शन टेबलापासूनच ती सुरू होते: दोघांच्या हातात स्काल्पेल, एक जण मॅन्युअल वाचतो, बाकीचे बघे. तिथेही वीस-वीस मिनिटांनी हत्यार पुढच्याच्या हातात गेलं पाहिजे, मग एखादी नस कापली गेली तरी चालेल.

तीन तासांचा हिशोब

पोस्टिंगचे तीन तास धरले तर एक केस नीट बसते, दोन घाईत उरकतात. एकच घ्या. पेशंट निवडणं, सिस्टरना आणि रेसिडेंटना विचारणं आणि पेशंटची संमती यांना दहा मिनिटं. हिस्टरीला पंचवीस, शेवटची पाच मिनिटं धरून. तपासणीला वीस. मग पलंगापासून दूर जाऊन वीस मिनिटं आपापसांत चर्चा, अर्धा तास सरांसमोर, आणि शेवटची पाच मिनिटं गटाविषयी. उरलेला वेळ केसपेपर, एक्स-रे आणि रिपोर्ट बघण्यात जातो. पण ते सगळं स्वतःचं निदान लिहून झाल्यावर. आधी केसपेपर उघडला, तर हिस्टरी निदानाच्या मापाने बेतली जाते आणि गटातल्या प्रत्येकाला ‘मला तेच वाटत होतं’ असं वाटू लागतं.

संमती घेताना किती जण येणार ते सांगा. ‘आम्ही सहा जण आहोत, पण हात फक्त दोघं लावतील’ असं म्हटलं की बहुतेक पेशंट होकार देतात. दोघांनीच का, तर सहाही जणांनी स्प्लीन (प्लीहा) चाचपली तर पेशंटचं पोट दुखतं, तो अंग आखडून घेतो आणि शेवटच्या तिघांना काही कळत नाही ते नाहीच. पोट कडक असेल, तर रेसिडेंटना विचारल्याशिवाय कोणीच दाबायचं नाही. लहान मुलाच्या पोटात मूत्रपिंडाची गाठ असल्याचा संशय असेल, तर पुन्हा पुन्हा चाचपणं धोक्याचं. स्त्री पेशंट असेल, तर पाळी कोणाचीही असो, गटातली मुलगी किंवा सिस्टर शेजारी हवी. प्रत्येक हाताआधी आणि नंतर सॅनिटायझर, वीस ते तीस सेकंद चोळून. घाईत पहिली गळते ती हीच गोष्ट, म्हणून लिहिणाऱ्याने वेळेबरोबर तिच्यावरही नजर ठेवावी.

आधी चिठ्ठी, मग तोंड

हा सगळ्या मार्गदर्शिकेतला सर्वांत उपयोगी भाग. तपासणाऱ्याने ‘स्प्लीन दोन बोटं लागतेय’ असं मोठ्याने म्हटलं, की पुढच्याला ती लागतेच. मर्मरचंही (हृदयाच्या ठोक्यांतला जादा आवाज) तसंच: एकाने ‘सिस्टॉलिक’ म्हटलं की सगळ्यांच्या स्टेथोस्कोपात ती सिस्टॉलिकच वाजते. यात कोणी मुद्दाम खोटं बोलत नसतं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांत प्रश्न फक्त रेघेची लांबी जुळवण्याचा होता आणि उत्तर डोळ्यांसमोर होतं. तरी आजूबाजूचे सगळे ठरवून चुकीचं बोलत असताना दर चौघांतल्या जवळपास तिघांनी निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. तिथे रेघ होती, इथे एक अंधुक मर्मर आणि समोर सर.

म्हणून तपासणारा आणि दुसरा हात दोघांनीही काही न बोलता आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं: काय आढळलं, कुठे, किती, आणि खात्री किती (पक्की, बरी, शंका). चिठ्ठ्या पलंगापासून दूर गेल्यावर उघडायच्या. जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर उत्तमच. तो मुद्दा सरांना विचारायचा, आणि ‘आमच्यात दुमत आहे’ असं स्पष्ट सांगून विचारायचा. बहुतेक शिक्षक अशा वेळी स्वतः तपासून दाखवतात, एरवी ते दिसतंच असं नाही. चिठ्ठी लिहिण्याआधी तपासणाऱ्याचा चेहराही बघू नका, हे अर्धं गमतीत आणि अर्धं खरं.

ॲशच्याच प्रयोगांतली आणखी एक गोष्ट कामाची आहे: एक जण जरी वेगळं बोलला, तरी बाकीच्यांची मान डोलावणं झपाट्याने कमी होतं. शंका काढणारा पाळीत हवा तो यासाठी. त्याने प्रत्येक केसला तीन प्रश्न विचारायचेच: या निदानात न बसणारी गोष्ट कोणती? दुसरं काय असू शकेल? आपण काय विचारलंच नाही? हे काम पाळीने येतं, त्यामुळे कोणी ‘हा फार शहाणा’ म्हणत नाही.

एकट्याकडे असलेली माहिती बाहेर कशी काढायची

गट चर्चा करतो ती सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींची. एकट्याला माहीत असलेली गोष्ट एक तर बोलली जात नाही, किंवा एकदा बोलली जाऊन हवेत विरते. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी 1985 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. वॉर्डात याची किंमत मोठी असते. समजा, कोकणातून आलेला पेशंट: ताप, कावीळ, अंगदुखी. सहाही जण हिपॅटायटिसवर बोलताहेत. लिहिणाऱ्याला मात्र पेशंटच्या बायकोने सांगितलंय की दहा दिवसांपूर्वी ते गुडघाभर चिखलात भात लावत होते. दुसऱ्या हाताला पोटऱ्या दाबताना पेशंट कळवळलेला आठवतोय. तपासणाऱ्याला डोळे लाल वाटले होते, पण पिवळेपणात त्याने ते सोडून दिले. तिघांकडे लेप्टोस्पायरोसिसचा (चिखल-पाण्यातून होणाऱ्या संसर्गाचा) एकेक तुकडा आहे आणि गटाकडे हिपॅटायटिस.

उपाय साधा आहे. चर्चेची पहिली सहा मिनिटं निदानाचं नावही घ्यायचं नाही. प्रत्येकाने एक मिनिट, फक्त ‘मी ऐकलं, मी पाहिलं’ एवढंच बोलायचं. सुरुवात सगळ्यांत कमी बोलणाऱ्यापासून आणि शेवट सगळ्यांत हुशार समजल्या जाणाऱ्याकडे. हुशार माणूस आधी बोलला की बाकीच्यांच्या माहितीवर त्याच्या निदानाची चाळणी बसते. त्यानंतर प्रत्येकाने तीन शक्यता स्वतःच्या वहीत लिहायच्या आणि मगच तोंडी चर्चा.

पेशंटच्या शब्दांचंही असंच होतं. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे गांधी, आणि ‘पित्त झालं’ म्हणजे जळजळ, मळमळ, कित्येकदा डोकेदुखीही. ‘उन्हाळी लागली’ याचा उन्हाळ्याशी संबंध नाही. लघवीला जळजळ होऊन थोडी थोडी होते, ते. ‘अंगावरून जातंय’ म्हटलं की पांढरं की लाल, हे विचारलंच पाहिजे. ‘घेरी आली’ आणि ‘गरगरतंय’ यांत फरक आहे, आणि तो न्यूरॉलॉजीत फार मोठा ठरतो. लिहिणाऱ्याने भाषांतर न करता हेच शब्द टिपायचे आणि मराठी न येणाऱ्यांसाठी ग्रुपवर यादी वाढवत न्यायची. विचारणाऱ्याची पाळी मराठी न येणाऱ्यावर आली तरी ती टाळू नका. दहा ठरावीक प्रश्न त्याला पाठ करून द्या, पेशंटसमोर अडखळू द्या, आणि मराठीवाल्याने तो अडला तरच मदत करावी. पेशंट अशा वेळी सहसा चिडत नाहीत, उलट उच्चार सुधारून देतात.

गट ऐकतोय का, हे मोजायची युक्ती

दर आठवड्याला दहा बहुपर्यायी प्रश्न घ्या, त्या आठवड्यातल्या केसवरचे. आधी दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. मग तेच प्रश्न गटाने दहा मिनिटांत एकमताने. लॅरी मायकलसन यांच्या गटाधारित शिक्षणपद्धतीचा हा गाभा आहे, आणि त्यासाठी एक शिक्षक आणि एक झेरॉक्स पुरते. गटाचे मार्क सगळ्यांत हुशार मुलाच्या मार्कांपेक्षा जास्त आले पाहिजेत. कमी आले, तर बरोबर उत्तर कोणाला तरी येत होतं आणि त्याचं कोणी ऐकलं नाही. तो प्रश्न कोणता आणि तो कोण, एवढंच बोला. तीन आठवडे सलग त्याच मुलाचं किंवा मुलीचं बरोबर उत्तर मागे पडत असेल, तर पुढच्या आठवड्यात गटाचं उत्तर त्यानेच किंवा तिनेच जाहीर करायचं.

गटाचे मार्क आणि त्या हुशार मुलाचे मार्क दर वेळी तंतोतंत सारखे येत असतील, तर गट त्याची कॉपी करतोय. त्याला एक आठवडा फक्त लिहिणारा करा.

वाचन वाटून घेताना

‘तू लिव्हर, मी किडनी, तू हार्ट’ अशी वाटणी झाली की ग्रुपवर सहा पीडीएफ येतात आणि प्रत्येक जण एकच वाचतो, ती म्हणजे स्वतःची. वाटणी करायचीच असेल तर पीडीएफ बंद. प्रत्येकाने आपला विषय पुस्तक बंद करून दहा मिनिटं बोलायचा, आणि मग प्रश्न विचारायचा तो ऐकणाऱ्यांना. उत्तर कोण देणार ते चिठ्ठी टाकून. याहून चांगलं म्हणजे मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या सात पायऱ्यांसारखं करणं: चर्चेत अडलेले दोन-तीन प्रश्न सगळ्यांनी घरी वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं जुळवायची. वेळ जास्त लागतो, पण प्रश्न कमी ठेवले की जमतं.

हॉस्टेलवाल्यांची चर्चा रात्री अकराला मेसनंतर होते आणि घरून लोकलने येणाऱ्याला सकाळी कळतं की सगळं ठरलंय. म्हणून गटाचे निर्णय, म्हणजे पाळी, पेशंट, वाचन, हे पोस्टिंग संपतानाच वॉर्डात घ्यायचे. रात्री घेतलेला निर्णय धरायचा नाही, असा नियमच करा.

शिक्षकांसाठी

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारेही बोलू लागले. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे पाच निर्धास्त होतात.

पेशंटसमोर विद्यार्थ्याची खरडपट्टी काढली, तर ती एकाच्या वाट्याला येते पण गप्प सहाही जण होतात. त्यानंतर चिठ्ठीवरसुद्धा ‘शंका’ कोणी लिहीत नाही, सगळ्यांची खात्री ‘पक्की’ होते. एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या युनिटांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्याचं कारण त्यांना दिसलं ते असं की तिथले लोक चुका सांगायला घाबरत नव्हते. चूक दुरुस्त करायचीच, पण व्हरांड्यात, आणि ‘हे तुला असं का वाटलं?’ इथून सुरुवात करून.

एकमेकांना मार्क द्यायला सांगितलं, तर सगळे सगळ्यांना दहापैकी दहा देतात. त्याऐवजी प्रत्येकाला पन्नास गुण द्या आणि उरलेल्या पाच जणांत वाटायला सांगा. सगळ्यांना सारखे द्यायचे नाहीत, असा नियम ठेवा. हे पोस्टिंगच्या मध्यावर, इंटर्नलमध्ये (कॉलेजच्या अंतर्गत गुणांत) न धरता करा. इंटर्नलला जोडलं की जुनी वैरं निघतात.

शेवटची पाच मिनिटं, आणि न बोलणारा

रोज पोस्टिंगनंतर तीन वाक्यं: आज कोणाचं काम चांगलं झालं, कोणाला बोलायला मिळालं नाही, उद्या काय बदलायचं. माणसावर बोलू नका, कृतीवर बोला. ‘तू लक्षच देत नाहीस’ याने भांडण होतं. ‘आज तू शंका काढणारा होतास आणि एकच प्रश्न आला’ याला उत्तर देता येतं.

काम टाळणारा दिसला तर आधी गटातल्या एकाने एकट्यात विचारावं, ग्रुपवर नाही. फायनलला असेल तर नीट पीजीच्या क्लासमुळे जागरणं चालू असतील. इंग्रजीची लाज असेल, तर मांडणाऱ्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी त्याला केस मराठीत मांडायला सांगा आणि मग त्यावरून इंग्रजी बसवा. पहिल्या दोन वेळा पुरतं. पण आधी बोलणारा अचानक गप्प झाला, मेसला येईनासा झाला, झोप उडाली असेल, तर हा गटाच्या शिस्तीचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी मेंटॉर शिक्षकांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. त्याची पाळी तोवर गटाने वाटून घ्यावी.

पोस्टिंग संपताना पाळीचा कागद पुढच्या युनिटला सोबत न्या. त्यात ज्याच्या नावापुढे ‘तपासणारा’ सगळ्यांत कमी वेळा आलंय, नव्या वॉर्डातली पहिली केस त्याने तपासायची.